ओळख पटली

आयकर खात्याची दक्षता पाहून ऊर भरून येतो. १२ अंकी आधार पॅनला जोडायचा (उशीर झाल्यास १००० रुपये), विवरणपत्र भरायचं, मग ३० दिवसांत ई-पडताळणी. वाशीतल्या सीएंसमोर करदाता सदेह बसलाय, पण तो पुरावा नव्हे; देह काय, कोणीही घेऊन येतो. पुरावा म्हणजे आधारशी जोडलेला मोबाइल, आणि तो नेरूळला घरी चार्जिंगला लावलेला. यापुढे करदात्याने घरीच बसावं, मोबाइलला लोकलने पाठवावं, अशी आमची नम्र सूचना आहे. तूर्त सौंनी त्या मोबाइलवर आलेला ओटीपी आपल्या फोनवरून कळवला आणि खात्याला करदात्याची निःसंशय ओळख पटली. सौंचं वाचन चोख. ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका’ हेही त्यांनी सीएंना दोनदा, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.