रक्तातलं वय

भिंगारच्या प्रत्येक आळीत एक तरी आण्णा असतातच. कॅन्टोन्मेंटातल्या नोकरीतून निवृत्त, पेन्शन वेळेवर, आणि वय विचारलं की उलटा सवाल: "कागदावरचं सांगू का रक्तातलं?" आमच्या आण्णांचं कागदावर एकाहत्तर आहे, रक्तातलं पंचावन्न. मधली सोळा वर्षं अँटिऑक्सिडंटांनी खाल्ली.

पहाटे आवळ्याचा रस, नाष्ट्यानंतर 'ई'ची कॅप्सूल, दुपारी 'सी'ची चघळायची गोळी, रात्री हळदीचं दूध. "लोखंडाला गंज चढतो तसा माणसालाही चढतो," असं सांगून ते डेनहॅम हार्मनचा १९५६ चा फ्री रॅडिकलचा सिद्धांत घडाघडा म्हणतात. त्यापुढचं संशोधन मात्र त्यांच्या कानात शिरत नाही. फिनलंडमध्ये एकोणतीस हजार धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली, आणि बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला १९९४ मध्ये दिसला, हे सांगून पाहिलं. "मी कुठं विडी ओढतो?" आण्णा म्हणाले, आणि तंबाखूला चुना लावला.

औरंगजेबाबद्दल त्यांना विशेष हळहळ. "बादशहा इथंच भिंगारला गेला, १७०७ साली. अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय वय झालं? आवळा घेतला असता तर शंभरी गाठली असती."

"म्हणजे आणखी बारा वर्षं दख्खनेत मुक्काम?" टपरीवाला म्हणाला. "आण्णा, आवळ्याचं नाव काढू नका."

मग एका रात्री त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. चादर लागली तरी बोंब. तपासणीत यूरिक अ‍ॅसिड नऊ. डॉक्टर नेमके बोलके निघाले. म्हणाले, "गंमत बघा, रक्तद्रवातलं अँटिऑक्सिडंटचं मोठं काम हेच यूरिक अ‍ॅसिड करतं."

आण्णा लंगडत, पण छाती काढून घरी आले. आता रिपोर्ट खिशात असतो. "नऊ! आहे का भिंगारात कुणाचं?"

काकू म्हणतात, "अहो, गोळी घ्या, रविवारचं मटण सोडा." ते दोन्ही करत नाहीत, आकडा उतरेल ना!

यूरिक अ‍ॅसिड सातच्या वर राहिलं की सांध्यांत त्याचे स्फटिक साचू शकतात, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. आण्णांनी ऐकलं ते फक्त त्याच्या आधीचं वाक्य.