एक-तीन-चार-दोन

(पेडगाव. परभणीहून मानवतकडं जाताना लागतं ते. बैलजोडी विकल्यावर रिकामा झालेला गोठा. दावणीच्या जागी 1979 ची प्रीमियर पद्मिनी विटांवर चढवून ठेवलेली. चाकं शेजारी कडब्यावर. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. निवृत्त गुरुजींकडं पेन्शन, पुस्तक आणि पान्यांचा सेट अशा तीन गोष्टी एकाच वर्षात आल्या, त्याचा हा परिणाम.)

मिस्त्री : गुरुजी, हाईत का? काय करायलात हितं, भर उन्हाचं?

गुरुजी : पाय दिसत नाहीत का माझे?

मिस्त्री : दिसायलेत. हलायले नव्हते, म्हणून इचारलं. पोलीस पाटलाला सांगायचं का आधी चहा घ्यायचा, ते ठरवायलो होतो.

गुरुजी : बारा नंबरचा पाना दे इकडं.

मिस्त्री : बाराच कामून?

गुरुजी : पुस्तकात बारा लिहिलाय.

मिस्त्री : (वाकून बघत) पुस्तकातल्या नटाला सहा कोपरे असतील. ह्याला एकबी राहिला नाही. पाना मारून मारून गोटी केलीत तुमी त्याची. आता रॉकेल सोडा, रातभर राहू द्या, सकाळी छन्नी लावू.

गुरुजी : रात्रभर तर रात्रभर. मला कुठं घाई आहे?

काकू : (चहा घेऊन) घाई नाहीच. गाडी आणून दोन दिवाळ्या झाल्या. बैल होते तवा शेण तरी निघत होतं गोठ्यातून. आता काळं तेल निघतंय.

मिस्त्री : काकू, दर आयतवारी मी येतो न् मदतीला.

काकू : तुमी येता म्हणून तर चहाबी जायलाय. काल मागच्या सीटवर कोंबडीची तीन अंडी सापडली. ह्या गाडीनं आजवर घराला दिलं असेल तर एवढंच.

गुरुजी : (बाहेर येत, बनियन काळं) तुम्हाला तिची किंमत कळायची नाही. परभणीला डॉक्टरांच्या दवाखान्यापुढं ही उभी असायची. मी तेव्हा नववीत. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत लोक. आणि काढली कुणी? वालचंद हिराचंद, आपल्या सोलापूरचा माणूस. बेंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजाचा, आणि 1944 ला मोटारीची कंपनी, प्रीमियर. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. इटलीच्या फियाटचं हे मॉडेल इथं 1964 पासून निघालं, दहा वर्षांनी त्याचं नाव पद्मिनी ठेवलं आणि 2000 च्या सुमाराला बंद पडलं. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

काकू : सगळ्या मुंबईनं सोडली ती आपण धरली.

मिस्त्री : (पुढची चटई उचलत) गुरुजी, हितं पायाखाली काय भरलंय हे?

गुरुजी : एम-सील. पत्रा थोडा गेला होता.

मिस्त्री : थोडा? ह्यातून खालचा कडबा दिसायलाय. बगा, जीपला खाली चेसिस असती, वरचा पत्रा कुजला तरी ती चालती. हिला चेसिस नाहीच. हा पत्रा हाच सांगाडा. ह्याला एम-सील नाही चालत, नवा पत्रा कापून वेल्डिंग मारावं लागतं. नाहीतर ब्रेक मारायला जाल आन् पाय थेट डांबरावर.

काकू : मारू द्या. तेवढंच पेट्रोल वाचंल.

(पत्र्याचं काम पावसाळाभर चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पत्र्याच्या कामात कधीच नसतं, फक्त खर्च असतो. मध्ये गुरुजी देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन कुर्ल्याच्या भंगार बाजारातून गिअरचा दांडा घेऊन आले. येताना टीसीनं पिशवीतून निघालेला लोखंडी दांडा बघून तिकिटाआधी धंदा विचारला. गुरुजींनी 'शिक्षक' सांगितल्यावर त्यानं हात जोडले. आता इंजिन.)

गुरुजी : आज सुरू होणार बघ. कार्बोरेटर धुतला, जेट साफ केले.

मिस्त्री : जेट कशानं साफ केले?

गुरुजी : सुईनं.

मिस्त्री : अरारा. भोक मोठं झालं असंल तर पेट्रोल जास्तीचं जाणार, धूर काळा, प्लग काळे. जेटला फुंकर मारायची असती, हवा मारायची. सुई नाही.

गुरुजी : बारीकच होती.

मिस्त्री : जेटबी बारीकच असतंय न्, गुरुजी. आन् पॉइंटची गॅप?

गुरुजी : अर्ध्या मिलीमीटरला थोडी कमी, पुस्तकाप्रमाणं. लग्नपत्रिकेचा कागद घालून बघितला.

मिस्त्री : कुणाच्या लग्नाची?

गुरुजी : त्याचा काय संबंध?

मिस्त्री : संबंध हाय. मानवतच्या सावकाराच्या पोराची पत्रिका असंल तर गॅप डबल झाली.

गुरुजी : गप, आणि बस आत. मी सांगतो तेव्हा सेल्फ मार. वायरींना चिठ्ठ्या चिकटवून नंबर दिलेत मी, चूक व्हायचा प्रश्नच नाही. हं, मार!

(घर्र घर्र घर्र. फाट! कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर जाळ. मागच्या सीटवरची कोंबडी खिडकीतून बाहेर. शेजारच्या वाड्यातून 'कुणाचा बार उडाला?' अशी हाक.)

काकू : (धावत येत) मिशा हाईत का त्यांच्या?

मिस्त्री : अर्ध्या हाईत. (बोनटमध्ये वाकून, वायरी बघून, हसू आवरत) गुरुजी, ह्या वायरी कशा लावल्या?

गुरुजी : क्रमानं. एक, दोन, तीन, चार.

मिस्त्री : हजेरी घेतली का काय तुमी? इंजिन नंबरवारी नसतं पेटत. एक-तीन-चार-दोन.

गुरुजी : का? एकानंतर दोन यावा, हे जगात सगळीकडं आहे.

मिस्त्री : हितं नाही. हे बगा. (चार बोटं पुढं करून) ही चार पिस्टन. क्रँक अशी वाकवलेली असती की कडेची दोन, एक आन् चार, बरोबरच वर येतात. ती वर तवा मधली दोन खाली. मग मधली वर, कडेची खाली. दर वरच्या फेरीला जोडीतला एकच पेटतो. समजलं? एक पेटला, म्हणजे कडेच्या जोडीची पाळी झाली. आता मधल्या जोडीतला कोण तरी, तो तीन. मग परत कडेचा, चार. मग मधला, दोन. तुमी लावलंत दोनच्या मागं तीन. ती दोघं एकाच वक्ताला वर असतात, एकामागून एक कशी पेटतील? तीनच्या पाळीला ठिणगी गेली दोनला, तवा त्याचं दारच उघडं. जाळ आला बाहेर.

(गुरुजी बराच वेळ मिस्त्रीच्या बोटांकडं बघत राहतात. मग स्वतःची चार बोटं वर-खाली करून बघतात.)

गुरुजी : तुला गणितात किती दिले होते मी?

मिस्त्री : पस्तीस. त्यातबी चार ढकललेले होते.

गुरुजी : अजून चार द्यायला हवे होते.

काकू : त्यांना देऊ नका, तुमचे कापा.

(वायरी बदलल्या. सेल्फ मारला. इंजिन आधी खोकलं, मग लागलं आणि लागलेलं राहिलं. ह्या आवाजावर पेडगावची अर्धी आळी गोळा झाली. एकजण म्हणाला टायमिंग पुढं आहे, दुसरा म्हणाला मागं आहे, तिसऱ्यानं दोघांना वेड्यात काढून सायलेन्सरला कान लावला. तिघांपैकी एकाकडंही गाडी नाही. दहा मिनिटांनी पेट्रोलचा वास सुटला.)

मिस्त्री : बंद करा, बंद करा! बिडी विझव रे ती! (पाइप काढून) ही नळी बगा. फुगलीया, हातानं तुटायलीया. आन् पंपाचा पडदाबी ढिला झालाय.

गुरुजी : दोन्ही परवाच टाकलेत. जुन्या स्टॉकमधले अस्सल शोधून आणले होते.

मिस्त्री : तेच चुकलं. अस्सल रबर अस्सल पेट्रोलासाठी होतं. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल. जुनं रबर त्याला टिकत नाही, फुगतं, सुटतं. आन् इथेनॉल पाणीबी ओढतं, गाडी उभी राहिली की टाकी आतून गंजती.

काकू : इथेनॉल म्हणजे ते उसाचं?

मिस्त्री : उसाचं, मक्याचंबी. आपल्याकडं उसाचंच समजा.

काकू : म्हणजे आपलाच ऊस?

गुरुजी : आपलाच असं कसं म्हणता येईल? कारखान्यात सगळ्यांचा एकत्र जातो.

काकू : जायकवाडीचं पाणी दिलं आपण, रात्री लाइट यायची तवा बारे दिले आपण, तोडवाल्यांना कोंबडं कापलं आपण. बिल अजून आलं नाही, आन् ऊस आपल्या आधी गाडीत जाऊन बसला!

मिस्त्री : नुसता बसला नाही काकू, खायाबी लागला.

गुरुजी : (बोनटवर हात ठेवून) वालचंदांनी दोन्ही काढलं होतं. साखर कारखाना वालचंदनगरला, मोटार कुर्ल्याला. त्यांच्या एका कारखान्याचा माल दुसऱ्याच्या मालाला खाईल, हे त्यांच्या हिशेबात नसणार.

मिस्त्री : नवी नळी इथेनॉलवाली मिळती परभणीला. पडदाबी मिळंल. पण ती कंपनीची नाही.

गुरुजी : मग ती अस्सल राहत नाही.

मिस्त्री : गुरुजी, अस्सल ठेवायची का चालवायची?

(ह्या प्रश्नावर जगभरचे गाडीवेडे दोन पार्ट्यांत भांडतात. पेडगावात भांडण पाच मिनिटांत मिटलं, कारण नळीचे पैसे काकूंकडं होते.)

काकू : चालवायची असंल तर देते. ठेवायची असंल तर बैल आणा.

(वैशाख. गाडी चाकांवर. गावातल्या गावात पहिली फेरी. मारुतीच्या पारापाशी गाडी आचके देऊन बंद.)

गुरुजी : पेट्रोल आहे, करंट आहे. मग काय झालं?

मिस्त्री : ऊन झालं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस असंल आज. पंप इंजिनाला चिकटून, तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होती, आन् पंपाला वाफ ढकलता येत नाही. ओलं फडकं टाका पंपावर. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा हाच विलाज होता.

गुरुजी : फडकं कुठाय?

मिस्त्री : तुमच्या खांद्यावर काय हाय?

(गुरुजींचं उपरणं हापशाखाली भिजतं आणि पंपावर बसतं. पारावरचे लोक टोप्या सरसावून बघतात. दहा मिनिटांनी गाडी लागते. उपरणं काढायचं राहून जातं.)

काकू : सगळ्या गावापुढं अंगावरचं काढून गाडीला घातलं. मला लुगडं घ्यायचं म्हणलं की पुढच्या हंगामाला.

गुरुजी : अहो, आपला निजाम बघा. आपण 1948 पर्यंत त्याचीच रयत. सहाव्या निजामानं 1911 ला पिवळी रोल्स रॉइस मागवली, आत सिंहासनासारखी गादी. गाडी यायच्या आधीच तो वारला. मुलानंही ती फार कमी वापरली. आज हैदराबादला चौमहल्ल्यात उभी आहे. लोक तिकीट काढून बघतात.

काकू : तुमी मागवली तवा मी काय म्हणाले होते? उभीच राहणार. निजामाकडून तिकिटं तरी सुटायलीत.

मिस्त्री : उभी नाही राहणार. पण रस्त्यावर काढायची तर कागद लागतात. गुरुजी, आरसीची मुदत?

गुरुजी : (घसा खाकरून) पंधरा वर्षांनी संपते, पुढं दर पाच वर्षांनी वाढवायची. आधीच्या मालकानं वाढवली नाही.

मिस्त्री : फी?

गुरुजी : सहाशे होती. 2022 ला पाच हजार झाली. 2025 पासून वीस वर्षांच्या वरच्या गाडीला दहा हजार.

काकू : आपण पाना शोधत बसलो तवर?

गुरुजी : वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी नंबरप्लेट. पण 2029 ला हिला पन्नास वर्षं होतील! मग विंटेज म्हणून नोंदता येते. वीस हजार भरायचे, 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो.

मिस्त्री : म्हणजे पन्नाशीपर्यंत भंगार आन् पन्नाशीनंतर दागिना.

गुरुजी : फक्त एक आहे. विंटेज गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची.

काकू : पेट्रोल भरायचं आन् दुरुस्त करायची? आता जे चाललंय तेच की! फक्त सरकारच्या शिक्क्यानं.

गुरुजी : तोपर्यंत थांबायचं नाही. उद्याच परभणीला आरटीओत नेऊ.

मिस्त्री : कशी? कागद नाहीत तर रस्त्यावर चालवता येत नाही. आन् गाडी दाखवल्याबिगर कागद देत नाहीत.

(गुरुजी चष्मा काढून पुसतात. वर्गात अवघड गणित आलं की असंच करायचे, असं मिस्त्री सांगतो.)

काकू : ट्रॅक्टर कुणाचा हाय मोकळा?

मिस्त्री : माझा हाय. ओढून नेता येईल की! गुरुजी, तुमी गाडीत स्टेअरिंगला. ब्रेकवर पाय ठेवा, दोराला ढील देऊ नका. मी हळू हळू नेतो.

गुरुजी : माझी पद्मिनी ट्रॅक्टरच्या मागं? परभणीत?

काकू : मीबी येणार. तीन दिवाळ्या चहा केलाय, गाडीत बसायचा हक्क हाय माझा. (मागचं दार उघडून, अंडी बाजूला सारून बसतात.) हं. चला.

मिस्त्री : (दोर बांधत) काकू, काच खाली घ्या, उकडून मराल आत!

काकू : घ्यायलेच. (जरा वेळानं, खिडकीतून हात बाहेर काढून) हे घ्या. ह्याला किती नंबरचा पाना लागतो, पुस्तकात बघा.

(हातात काचेचं हँडल.)