आधी दाखवा, मग विका

महिंद्राची स्कॉर्पिओ आणि बोलेरो नाशिकच्या कारखान्यात घडली, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच महिंद्राचा संघ फॉर्म्युला-ई या विजेवरच्या गाड्यांच्या जागतिक स्पर्धेत 2014 च्या पहिल्या हंगामापासून धावतो आहे. जून 2017 मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने या संघाला पहिला विजय मिळवून दिला. 2024 मध्ये मुंबईचा जेहान दारूवाला दुसऱ्या संघाकडून याच स्पर्धेत उतरला. सातपूर-अंबडच्या कामगार वसाहतींत जाऊन विचारा, यातली एक तरी शर्यत कोणी पाहिली आहे का. ज्यांच्या हातांनी कंपनीचं नाव रस्त्यावर आणलं, त्यांनाच ते नाव ट्रॅकवर दिसत नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

फॉर्म्युला वनचंही तेच. स्टारकडचे प्रक्षेपणाचे हक्क 2022 च्या हंगामाबरोबर संपले आणि पुढच्या वर्षी शर्यती टीव्हीवरून गेल्या. 2024 पासून त्या फॅनकोडवर आल्या, पण वेगळे पैसे भरणाऱ्यांसाठी. 2011 ते 2013 अशी सलग तीन वर्षं ग्रेटर नोएडात फॉर्म्युला वन भरवलेला देश हा!

पैसे मागण्यात गैर काही नाही. हक्क महाग असतात, कॅमेरे आणि माणसं फुकट येत नाहीत. पण क्रिकेटसाठी पैसे मोजणारा क्रिकेट लहानपणापासून फुकट पाहत आलेला असतो. मोटरशर्यतीला आपल्याकडे तो काळ मिळालाच नाही. जे कधी पाहिलंच नाही, त्याची वर्गणी कोण भरणार? द्राक्षवालासुद्धा आधी एक मणी चाखायला देतो, मग तराजू उचलतो.

खरं तर महत्त्वाच्या सामन्यांवर सामान्य प्रेक्षकाचाही हक्क असू शकतो, हे आपला कायदा मानतो. जानेवारी 2007 मध्ये नागपूरचा भारत-वेस्ट इंडीज सामना दूरदर्शनच्या प्रेक्षकांना थेट दिसला नाही. देशभर ओरड झाली, वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचं थेट प्रक्षेपण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचं, जाहिरातीच्या उत्पन्नातले 75 टक्के हक्कधारकाला आणि 25 टक्के प्रसार भारतीला. सामना भारतात असो वा परदेशात. त्या यादीत क्रिकेट आहे, हॉकी, फुटबॉल, टेनिस आहे. मोटरशर्यत नाही.

तिला यादीत घालून थेट प्रक्षेपण फुकट करा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर हक्क विकत घ्यायला कोणी पुढे येणार नाही आणि आहे तेही जाईल. ब्रिटनकडे पाहा. तिथे 2019 पासून फॉर्म्युला वनचं थेट प्रक्षेपण पैसे भरून स्कायवर, पण प्रत्येक शर्यतीतले ठळक क्षण चॅनल फोरवर मोफत, आणि सिल्व्हरस्टोनची घरची शर्यत तर थेट मोफत. धंदा चालतो, नवा प्रेक्षकही घडतो.

आपल्याला तेवढंच हवं आहे. आठवड्याला एक तास, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर, मराठी समालोचनासह. महिन्याचं भाडं नसलेल्या फ्री डिशवर तो तास दिंडोरी-सिन्नरपर्यंत पोहोचेल. टायर कधी बदलायचे, बॅटरी शेवटच्या फेरीपर्यंत कशी पुरवायची, हे आयटीआयमधल्या पोराला त्याच्या भाषेत कळेल. नाशिकला हे परकं नाही. रॅली ऑफ महाराष्ट्रच्या निमित्ताने इथल्या मातीच्या रस्त्यांवर राष्ट्रीय स्पर्धेतल्या गाड्या धावल्या आहेत, आणि त्या बघायला कोणाला तिकीट काढावं लागलं नाही.

खर्च कोणी करायचा? सुरुवात महिंद्राने करावी. संघ त्यांचा आहे आणि नाशिकचं देणंही त्यांच्याकडे आहे. दूरदर्शनने वेळ द्यावा, हक्कधारकांनी तासाभराची चित्रफीत द्यावी. त्यांचं थेट प्रक्षेपण त्यांच्याकडेच राहील. आज फुकट पाहणाऱ्या पोरांतूनच उद्याचे वर्गणीदार येतील, आणि एखादा चालकही येईल. हा तास या हंगामातच सुरू करा.