शेवटची रांग

दिवाळीची सुटी चार दिवसांवर आली होती. शिपाईमामा वर्गाच्या दारात लिफाफा घेऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, आलं." काय आलं हे विचारायची गरज नव्हती. पूर्वी तार आणणाऱ्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा निवडणुकीचा आदेश आणणाऱ्याचा होतो.

२०२४ सालची विधानसभा. पद : मतदान केंद्राध्यक्ष. प्रशिक्षण ऐन सुटीत, तालुक्याच्या गावी. खाली ठळक अक्षरांत तंबी : गैरहजर राहिल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४ प्रमाणे कारवाई. या कलमात ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, हे आमच्या गणिताच्या सरांनी लगेच शोधून काढलं. "पाचशेत सुटका होत असेल तर व्यवहार वाईट नाही," असंही ते म्हणाले. पण पुढच्याच ओळीत 'शिस्तभंगाची कारवाई' हे शब्द होते, आणि त्यांचा भाव कुठेच लिहिलेला नव्हता.

मग शिक्षकखोलीत साथ पसरली. एकाची कंबर धरली, दुसऱ्याची साखर वाढली, तिसऱ्याच्या सासूबाईंना अचानक सुनेपेक्षा जावयाचीच गरज भासू लागली. नाव रद्द मात्र कुणाचंच झालं नाही. ठरलेल्या दिवशी कंबर, साखर आणि जावई असे सगळे एकाच एसटीने निघालो.

पोहोचायला वीस मिनिटं उशीर झाला. नाट्यगृह भरलेलं होतं. जागा मिळाली ती शेवटच्या रांगेत, पंख्याचा वारा जिथे नुसता ऐकू येतो अशा ठिकाणी. आणि तिथे बसल्याबरोबर माझं काहीतरी बिघडलं. सव्वीस वर्षं फळ्यापाशी उभी राहणारी मी, शेजारणीच्या पिशवीतल्या चकल्या मांडीआड खाऊ लागले. पुढच्या रांगेतले मुख्याध्यापक वहीत होडीचं चित्र काढत होते. पलीकडे दोघे भाषाशिक्षक सही करून दुपारी सटकता येईल का, याची व्यूहरचना करत होते. 'शेवटच्या बाकावरची कार्टी' हा शब्दप्रयोग मी आयुष्यात किती वेळा केला असेल! कार्टी आणि बाक यांत दोष बाकाचा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मंचावर नायब तहसीलदार बोलत होते. आवाज बसलेला, डोळे जागरणाने लाल. बॅलट युनिट, कंट्रोल युनिट, व्हीव्हीपॅट. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, म्हणजे पहाटे साडेपाचला, अभिरूप मतदान. त्यात किमान ५० मतं. ती मोजून झाली की यंत्र 'क्लिअर' करायचं, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. कुणी मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेतला तर आक्षेप घेणाऱ्याकडून दोन रुपये घ्यायचे. कुठल्या लिफाफ्यात काय घालायचं याची यादी पडद्यावर आली, ती रुखवतासारखी संपेचना. दर दहा मिनिटांनी ते विचारत, "कळलं का?" आणि सगळं नाट्यगृह एका सुरात म्हणे, "होऽऽ." हा 'हो' मी सव्वीस वर्षं ऐकत आले आहे. तो खोटा असतो हे मला ठाऊक होतं. किती खोटा असतो, हे त्या दिवशी कळलं.

अशा प्रशिक्षणात माणसाने शिकावं यापेक्षा 'मला सांगितलंच नव्हतं' असं पुढे म्हणता येऊ नये, हाच त्यामागचा हेतू असावा. हजेरीपटावरची सही म्हणजे आपण आपल्याच अज्ञानाचा सोडलेला हक्क.

चहाच्या सुटीनंतर साहेबांची नजर आमच्यावर गेली. "शेवटची रांग, उभी राहा." पोटात गोळा आला. चकल्यांचा घास गिळून उभी राहिले. ते खाली उतरले, चालत अगदी मागे आले, सगळ्यांत टोकाला मी होते, माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. त्यावर '१' लिहिलेलं. शेजारणीला '२', तिच्या पुढे '३'. मग म्हणाले, "संध्याकाळी सहाला रांगेत जेवढे उभे असतील, त्या सगळ्यांना मत देता येतं. चिठ्ठ्या वाटायच्या त्या शेपटाकडून. पुढून वाटल्या तर तुम्ही शेवटाशी पोहोचेपर्यंत मागे आणखी चार येऊन उभे राहतील." नाट्यगृह हसलं. सबंध दिवसात कुणी 'कळलं का' विचारलं नाही ते तेवढ्या वेळी.

२० नोव्हेंबरला आमच्या केंद्रावर सहा वाजता अंगणात सत्तावीस माणसं होती. पायांत गोळे आले होते, आदल्या रात्री डासांनी झोपू दिलं नव्हतं, आणि लिफाफ्यांची यादी डोक्यातून केव्हाच पुसली गेली होती. त्यासाठी पुस्तिका उघडीच ठेवली होती. पण पाय आपोआप रांगेच्या शेपटाकडे वळले. तिथे कंपनीतून सुटून धावत आलेला एक तरुण धापा टाकत उभा होता. सही करून मी त्याला चिठ्ठी दिली. त्याने आकडा पाहिला आणि हसला.

"मॅडम, आयुष्यात पहिला नंबर आज आला."

"हो, पण मत सगळ्यांत शेवटी," मी म्हटलं.

"तेही सवयीचंच आहे."

त्याने मत दिलं तेव्हा पावणेसात वाजले होते. 'टोटल'चं बटण दाबलं, आकडा नोंदवहीशी जुळला, मतांच्या हिशेबाचा नमुना १७-सी भरला.

शाळा उघडली. पहिल्याच तासाला अपूर्णांक समजावून झाले आणि सवयीने 'कळलं का?' ओठांवर आलं. ते तिथेच थांबवलं. खडू घेतला, चालत शेवटच्या बाकापाशी गेले आणि तिथल्या मुलाच्या हातात ठेवला.