शंभर तासांचे नाना

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. वय साठीच्या पुढे, पेन्शन बरी, प्रकृती ठणठणीत आणि इच्छा एकच उरलेली: खिशात मावेल एवढी, २०० रुपयांच्या आत बसणारी आणि एका पेन्सिल सेलवर १०० तास चालणारी टॉर्च. २०० रुपयेच का? तर "त्याच्या वर गेली की हरवायची भीती वाटते, मग घराबाहेर नेववत नाही."

नानांची पिढी पितळी टॉर्चवर वाढली. पोटात दोन जाडजूड सेल, झोत लांब-रुंद करायची सोय, मागच्या झाकणात जादा बल्ब. रुसली तर तळहातावर आपटायची, की लागली. कुत्रंही त्याच टॉर्चनं हाकलायचं. दोष एवढाच की ती सेल खायची. मग एलईडी आले आणि नानांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतले दुकानदार नानांना ओळखतात, म्हणूनच ते दिसले की माल काढायला आत जातात. गल्ल्यावर एखादा नवखा पोरगा सापडतो.

"किती तास चालते?"

"भरपूर चालते, काका."

"भरपूर म्हणजे? पहिल्या उजेडाच्या एक दशांशावर येईपर्यंत, की पार विझेपर्यंत?"

पोरगा घाबरतो, पण प्रश्न रास्त असतो. टॉर्च मोजायचं जे अमेरिकी मानक आहे, त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे खोक्यावरच्या तासांपैकी शेवटचे काही तास चाचपडतच काढायचे.

"बरं, गॅरंटी?"

"दुकानाची पायरी उतरेपर्यंत."

चार्जिंगच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं की नाना आनंदानं हसतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा त्या नळकांड्यात ३५०० च्या आसपासच मावतात, हे त्यांना पाठ आहे. तरीही ते तो सेल हातात घेतात, शेजारच्या किराणा दुकानात नेतात आणि काट्यावर ठेवायला लावतात. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. वाणी बिचारा साखर तोलता तोलता थांबतो.

घरात सेल टाकून द्यायची परवानगी नाही. नानांच्या राज्यात सेललाही चार आश्रम असतात. ब्रह्मचर्य नातवाच्या मोटारीत, गृहस्थाश्रम टॉर्चमध्ये, वानप्रस्थ टीव्हीच्या रिमोटमध्ये आणि संन्यास भिंतीवरच्या घड्याळात. यात शास्त्रही आहे: मोटारीला जोर लागतो, घड्याळाला नाममात्र वीज पुरते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि सेल देतो दीड. मधली तूट भरून काढणारं इवलंसं सर्किट चांगलं असेल, तर मोटारीनं टाकलेला सेलही टॉर्चमध्ये नांदतो. नाना त्या सर्किटचं कौतुक करतात, ते ऐकून काकू म्हणतात, "सुनेबद्दल कधी इतकं चांगलं बोलला नाहीत."

एकदा इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्यानं हिशेब मांडला. "नाना, एका पेन्सिल सेलमध्ये वीज असते ३ वॉट-तासांच्या आसपास. म्हणजे एका युनिटला तीनशेच्या वर सेल लागतील. सेल २० रुपयांचा धरला, तर तुम्ही वीज ६००० रुपये युनिटनं विकत घेता. आणि बिलात युनिटमागे चार आणे वाढले की महावितरणला अर्ज लिहिता!"

नाना जराही डगमगले नाहीत. "महावितरण खिशात मावतं का?"

अखेर परवा ती टॉर्च मिळाली. किंमत १८० रुपये, एकच सेल, आणि बटण दोनदा दाबलं की चांदण्याइतका मंद उजेड. दाव्यावर विश्वास ठेवणं हा नानांचा स्वभाव नव्हे, म्हणून परीक्षा सुरू झाली. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं कपाट रिकामं झालं. आत एका टोकाला टॉर्च, दुसऱ्या टोकाला पांढरा कागद, दारावर वही. रात्री गजर लावून नोंदी होऊ लागल्या आणि पातेली दिवाणखान्यात सोफ्यावर बसू लागली.

गुरुवारी संध्याकाळी ऐन स्वयंपाकाच्या वेळी लाइट गेले. काकूंचा मोबाइल चार्जिंगअभावी आधीच मान टाकून बसलेला.

"अहो, ती टॉर्च द्या इकडे."

"परीक्षा चालू आहे. जागची हलवली तर कागदापर्यंतचं अंतर बदलेल."

काकूंनी वाद घातला नाही. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली, पोळपाट कपाटासमोर ओढला आणि त्या उजेडात कणीक मळून पोळ्या लाटायला बसल्या.

नानांचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हणत नव्हतो, माणसाला एवढा उजेड पुरतो?"

"पुरतो ना," काकू म्हणाल्या. "आता जेवायलाही कपाटातच बसा."

नाना खरोखरच ताट घेऊन कपाटाशी बसले. दुसऱ्या हातात वही होतीच.