अकरा पायऱ्यांचा हिरा

जीआयए या रत्नसंस्थेच्या प्रतवारीत हिऱ्याच्या शुद्धतेच्या पायऱ्या ११, 'एफएल'पासून 'आय-३'पर्यंत. सुरतेत महिधरपुऱ्याचा दलाल पुडी उलगडता उलगडता त्या सांगतो. मी त्या रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एनम, म्हणजे ठरावीक पर्यायांचा प्रकार, करून लिहिल्या. मग पायरीचा मजकूर करायला ११ ओळी, मजकुराची पायरी करायला ११, यादी काढायला पुन्हा ११. गिऱ्हाईक तासावर पैसे देत होतं. तक्रार कोण करणार?

'मॅच'मध्ये एखादी पायरी राहिली, तर कंपायलर बोंब मारतो. पण कॉपी-पेस्टच्या नादात 'व्हीएस-१'समोर 'व्हीएस-२' पडलं, तेव्हा त्याने चकार शब्द काढला नाही. दलालाने काढला. बरेच काढले.

बाहेर जेकार्डचे माग नक्षी आपोआप विणतात आणि आत मी ओळी हाताने विणत बसलो होतो! असा कोड आपोआप विणणारे स्वतःचे डिराइव्ह मॅक्रो रस्टमध्ये २०१७पासून लिहिता येतात. 'स्ट्रम' या लायब्ररीने तर आयतेच दिलेत. एनमच्या डोक्यावर डिस्प्ले, एनमस्ट्रिंग, एनमइटर अशी एक ओळ टाकली आणि माझ्या ३३ ओळी, म्हणजे दोन दिवसांचं बिल, पुसल्या गेल्या.

त्या भरात लहान-मोठं ठरवणारं 'ऑर्ड'ही डिराइव्ह केलं. त्याचा हिशेब सरळ: आधी लिहिलं ते लहान. 'एफएल' पहिला लिहिलेला, त्यामुळे निष्कलंक हिरा सगळ्यांत हलका ठरला आणि डागाळलेला 'आय-३' शिखरावर जाऊन बसला.

उधन्याच्या मामांना हे सांगितलं, तर ते हळूच म्हणाले, "दुरुस्त करायच्या आधी त्या भावात दोन 'एफएल' मिळतील का रे?"