टेलगेट, बुलडॉग आणि सीपॅप

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांत सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या शनिवारी लग्नाचा मुहूर्त धरायला छाती लागते. धरलाच, तर वऱ्हाड मांडवात आणि जीव स्कोअरमध्ये, अशी गत होते. १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला सामना झाला, तेव्हापासून कॉलेज फुटबॉल असा फोफावला की ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची क्षमता आज १,०७,६०१ आहे. सामना दुपारी असला तरी सकाळपासून मोटारींच्या डिक्या उघडून, तंबू ठोकून, शेगड्या पेटवून खाणंपिणं चालू होतं. त्याला टेलगेट म्हणतात. या गर्दीत एक गृहस्थ हमखास सापडतो. कॉलरचं माप सतरा इंचांच्या वर, हातात बिअर, आणि सामना संपला की आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून घोरणं. डॉक्टरांनी त्याला स्लीप ॲप्निया असल्याचं सांगितलेलं असतं. सामन्याचा दिवस आणि हा आजार एकत्र नांदूच शकत नाहीत, असं त्याचं ठाम मत असतं, म्हणून तो आजाराला शनिवारची सुट्टी देऊन टाकतो. माझं म्हणणं असं की हा आजार सांभाळायला जे गुण लागतात, ते या गृहस्थाइतके दुसऱ्या कोणाकडेही नाहीत.

आधी आजाराचं थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, आणि मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागा करतो. तासाला पाचपेक्षा कमी वेळा झालं तर काळजी नाही. तीसच्या वर गेलं की प्रकरण गंभीर. म्हणजे आठ तास पलंगावर काढून माणूस अडीचशेच्या आसपास वेळा दचकलेला असतो आणि सकाळी म्हणतो, ‘काय मस्त झोप लागली!’ खरा हिशोब शेजारी झोपणाऱ्या माणसाकडे असतो. मराठी घरांत तर घोरणं हे गाढ झोपेचं प्रमाणपत्र मानलं जातं, त्यामुळे ओहायो-मिशिगनला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाही हा मुद्दा परका वाटू नये. यावरचा हुकमी इलाज म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी १९८० च्या सुमारास तो शोधला. मास्कमधून सतत हवेचा दाब द्यायचा आणि घशाची वाट उघडी ठेवायची, एवढीच त्याची युक्ती.

आता आपल्या गृहस्थाचे गुण पाहू. ओहायो स्टेटचा बँड मैदानावर वळणदार अक्षरांत ‘ओहायो’ लिहितो आणि त्यातल्या आय या अक्षरावरचं टिंब व्हायला एक सूझाफोनवाला ऐटीत पावलं टाकत येतो. हे अक्षरलेखन १९३६ पासून चालू आहे आणि त्यात काडीचा बदल खपत नाही. टेक्सस ए अँड एमचे विद्यार्थी घरच्या मैदानावरच्या सामन्याच्या आदल्या मध्यरात्री जमून घोषणांची तालीम करतात आणि दुसऱ्या दिवशी अख्खा सामना उभ्याने पाहतात. मिसिसिपी विद्यापीठाच्या ‘ग्रोव्ह’मध्ये तंबूत झुंबरं टांगून चांदीच्या भांड्यांत वाढतात, थाट असा की लग्नघर लाजावं. जो माणूस तंबू, शेगडी, जनरेटर, टीव्ही आणि बर्फाची पेटी लादून तीनशे मैल नेतो, वर ‘गेल्या वेळी हेच मोजे घातले म्हणून जिंकलो’ असं म्हणत तेच मोजे शोधतो, त्याने पोळ्यांच्या डब्याएवढं यंत्र ‘सोबत न्यायला अवघड’ म्हणावं? विधी, वेळ, सामान आणि सातत्य हीच सीपॅपची मागणी आहे. याची तर त्यात पीएचडी झालेली असते.

शिवाय धोका स्टेडियममध्ये नसतोच. तिथे कोण झोपणार? १९८८ साली लुइझियाना स्टेटच्या मैदानावर ऑबर्नविरुद्ध शेवटच्या मिनिटांत गुण मिळाला तेव्हा प्रेक्षकांनी केलेला धिंगाणा भूकंपमापकावर उमटला होता. धोका दिवसाच्या दोन टोकांना असतो. शुक्रवारी रात्री मोटेलात पोचल्यावर लक्षात येतं की यंत्र घरीच राहिलं. शनिवारी दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते. दुपारचा सामना संपला की ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून घेतलेली डुलकी मास्कशिवाय जाते, आणि घशाला डुलकी व झोप यांतला फरक कळत नाही. म्हणून उपायही टोकांनाच करायचा. यंत्र तिकिटांच्या पाकिटाशेजारी ठेवायचं, बिअर सामन्याआधीच आटोपायची, रात्रीचा सामना असेल तर ती अगदी हात राखून घ्यायची, आणि आडवं व्हायच्या आधी तोंड साबणाने धुवायचं. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही. नाकाच्या दांड्यावर संघाचा नारिंगी रंग आणि गालांवर बार्बेक्यूचा तेलकटपणा राहिला की मास्कची सिलिकॉनची कड सरकते, हवा फुस्स करून थेट डोळ्यांत जाते आणि रात्री दोन वाजता मास्क उशाशी जातो.

यावर पहिला आक्षेप असतो तो ‘दिसतं कसं’ हा. उघड्या पोटावर संघाचं आद्याक्षर रंगवून थंडीत नाचणाऱ्याने तो घेऊ नये. फुटबॉल विश्लेषक ली कॉर्सो यांनी १९९६ पासून २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत, ज्या संघावर त्यांची बाजी त्याच्या शुभंकराचं डोकं दूरदर्शनवर स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि अमेरिकेने त्यांना प्रेमच दिलं. दुसरा आक्षेप, दाब सोसवत नाही. फुटबॉलमध्ये हवा साधारण तेरा पीएसआय दाबाने भरलेली असते. सीपॅपचा नेहमीचा दाब त्याच्या नव्वदाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. तिसरा, इतका वेळ तो लावून कोण बसणार? अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर विम्याची अट रात्री किमान चार तास, महिन्यातल्या सत्तर टक्के रात्री, एवढीच आहे. ज्याने जाहिरातींसकट साडेतीन तासांचा सामना पाहिला, आणि २०२१ मध्ये इलिनॉय-पेन स्टेटच्या सामन्यात नऊ जादा डाव होईपर्यंत जागा सोडली नाही, त्याला चार तासांचं भय दाखवू नये. उरला सर्वांत लाडका आक्षेप: ‘एक दिवस नाही लावला तर काय होतं?’ होतं ते असं की सीपॅप आजार बरा करत नाही, फक्त त्या रात्रीपुरता थोपवतो. मास्क उतरवला की त्याच रात्री घसा मिटू लागतो. आणि नेहमीच्या मोसमात सामने बारा असतात. बारा ‘एकेक दिवसां’ची बेरीज त्यालाही येते.

परंपरेचा मान जाईल अशी भीती वाटत असेल, तर जॉर्जिया विद्यापीठाचा उगा पाहावा. १९५६ पासून या नावाचे इंग्लिश बुलडॉग संघाचे शुभंकर आहेत. चपट्या नाकाच्या या जातीला झोपेत श्वास अडण्याची इतकी सवय की १९८७ साली पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी या आजाराचा नैसर्गिक नमुना म्हणून याच कुत्र्यांचा अभ्यास केला. स्टेडियममध्ये उगासाठी वातानुकूलित घर असतं, आणि उकडलं की तो लाल जर्सी घालून बर्फाच्या पिशवीवर पोट टेकून जीभ बाहेर काढून बसतो. नव्वद हजारांवर लोकांपैकी कोणीही त्याला नाजूक म्हणत नाही. श्वासाची सोय करून मग मिरवणं परंपरेला मान्य आहे. कुत्र्याला असेल तर गृहस्थालाही असावं.

एवढी थट्टा केली तरी शेवटची गोष्ट थट्टेची नाही. टेनेसी विद्यापीठात खेळून पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये दिग्गज ठरलेला रेजी व्हाइट डिसेंबर २००४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी गेला. त्याला सार्कॉइडोसिस हा आजार होता, आणि मृत्यूत स्लीप ॲप्नियाचाही वाटा असावा, असं तेव्हा सांगितलं गेलं. तो तर आपल्या गृहस्थापेक्षा कितीतरी तंदुरुस्त होता. तेव्हा घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो असं घरच्यांनी सांगितलं, तर त्यांच्यावर चिडण्याआधी झोपेची तपासणी करून घ्या. मास्क मिळाला, की सामन्याच्या सामानाच्या यादीत त्याला तिकिटांच्याही वर लिहा.